नवतप्यातलं सोंग

नवतपा लागला की नागपूरकरांच्या अंगात येतं. एरवी ज्यांना आपल्या गावाचं फारसं कौतुक नसतं, ती माणसं एकदम उन्हाची मालक होतात. पुण्याचा पाहुणा घाम पुसत म्हणाला, "बाप रे, काय ऊन आहे तुमच्याकडे," की यजमानाची छाती फुगते. "हे तर काहीच नाही, आता नवतपा लागून राहिला," असं तो अशा थाटात सांगतो, की सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरण्याआधी याची परवानगी घेऊन गेला असावा. हे नऊ दिवस चांगले तापले तर पाऊस चांगला पडतो, असं म्हातारे सांगतात. पाऊस दगा देतो तेव्हा तेच म्हातारे दुसरं नक्षत्र शोधतात. वर्तमानपत्रात दरवर्षी एकच फोटो असतो: ओस पडलेला रस्ता आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळून स्कूटरवर निघालेली मुलगी. माझी खात्री आहे की मुलगीही तीच असते.

या फुशारक्यांत मी कोणाच्या मागे नव्हतो. खिशात कांदा ठेवून भर दुपारी महाल भागातून सीताबर्डीपर्यंत सायकल मारल्याच्या गोष्टी मी जन्मभर सांगितल्या. तीन वर्षं झाली, आता सांगत नाही. नवतपा लागला की मला एका बाईचे पाय आठवतात, आणि मग आमच्या घराबद्दल, आमच्या गल्लीबद्दल आणि मुख्य म्हणजे एका वीस वर्षांच्या दीडशहाण्या पोराबद्दल जे वाटतं, त्याला तिरस्कार हा एकच शब्द आहे. तो पोरगा मी.

बाई म्हणजे माझी इंदू वहिनी. तिला आजार होता. आम्ही त्याला सोंग म्हटलं आणि तिला माहेरी पाठवून दिलं. गोष्ट एवढीच आहे. पण एवढीशी गोष्ट करायला आम्हाला किती अक्कल खर्च करावी लागली, ते सांगण्यासारखं आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. महालात एका अरुंद गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहायचो. पुढची खोली स्लॅबची, मागचं स्वयंपाकघर टिनाच्या छताचं. दुपारी ते टिन तापून कडकड वाजायचं, आणि खाली शेगडीत कोळसे फुललेले असायचे. दादा, माझा थोरला भाऊ, हिंगण्याला कारखान्यात शिफ्टवर होता. त्याने त्या साली कूलर आणला. गल्लीतला पहिलाच. खिडकीएवढी लोखंडी पेटी, तीन बाजूंना खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या, आत मोटर. बादलीने पाणी भरायचं. सुरू झाला की पुढच्या खोलीत ओल्या खसाचा असा वास दरवळायचा, की डोळे आपोआप मिटावेत. त्या वासाला मी आजही भुलतो आणि भुललो की स्वतःचाच राग येतो.

कूलरपुढे कोणी बसायचं हे ठरलेलं होतं. दादा शिफ्टवरून आला की दादा. मी अभ्यासाला बसलो की मी, म्हणजे जवळजवळ सदासर्वकाळ. आई उंबरठ्यात, अर्धी हवा घेत. आणि वहिनी टिनाखाली. कूलरची हवा बायकांना मानवत नाही, सांधे धरतात, असा एक शोध आमच्या गल्लीत लागलेला होता. तो ज्यांनी लावला ते सगळे पुरुष होते आणि सगळे कूलरपुढे बसून बोलत होते.

वहिनी उमरेडची, विणकराच्या घरची. लग्नाला दोन वर्षं झालेली. तिच्या बोटांचं मला भारी नवल वाटायचं. तुटलेला धागा ती एका हाताने, न पाहता, बोलता बोलता सांधायची. गाठ शोधूनही सापडायची नाही. त्याच बोटांना पुढे पोलक्याचं बटण लागेना.

सुरुवात डोळ्यापासून झाली. थंडीचे दिवस होते. सकाळी आरशासमोर उभी राहून ती एक डोळा झाकायची, मग दुसरा. मी विचारलं तर म्हणाली, "भाऊजी, या डोळ्यानं कुंकू लाल नाही दिसत. इटल्यावानी दिसते."

आज कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरला हे वाक्य सांगा, तो हातातलं काम टाकून खुर्ची पुढे ओढेल. डोळ्यामागच्या नसेला सूज आली की आधी लाल रंग फिका पडतो. आमच्या घरात मात्र हे वाक्य आईने ऐकलं. लाल ओढणी विटकी दिसते, लाल भोपळा विटका दिसतो, असं काहीही म्हणाली असती तर चाललं असतं. पण सवाष्ण बाई कुंकू विटलं म्हणते!

"नवरा धडधाकट असून कुंकू विटलं म्हनते! कोनाचं वाईट चिंतून राहिली वं तू?" आई कडाडली. दादाची दृष्ट काढली गेली. डोळा वहिनीचा गेला होता आणि मीठमोहऱ्या दादावरून उतरवल्या. दादा मुकाट उभा राहिला. तो आयुष्यभर मुकाटच उभा राहिला, आणि लोक त्याला देवमाणूस म्हणायचे. महिनाभरात डोळा आपला आपण बराच सुधारला. आईने त्याचं श्रेय मोहऱ्यांना दिलं.

मग चैत्र आला, ऊन चढलं आणि पाय गेले. म्हणजे पुरते गेले नाहीत, तीच तर गंमत. सकाळी ठीक असायची. शेगडीपुढे घटकाभर बसली की उठता यायचं नाही, पाय लटपटायचे, बोटांतून पोळी निसटायची. पुढच्या खोलीत पाणी द्यायला आली आणि दोन मिनिटं कूलरपुढे रेंगाळली की पुन्हा सरळ चालू लागायची.

पायांवर उपाय म्हणून आईने शेक सुरू केला. आमच्याकडे दुखण्याला शेक हेच उत्तर असतं, प्रश्न कोणताही असो. तव्यावर तापवलेली वाळू फडक्यात बांधून, त्या उन्हाळ्यात, त्या टिनाखाली, तिचे पाय शेकले जायचे. जितका शेक, तितके पाय जास्त गळायचे. मग शेक वाढवला जायचा. शेजारची एक काकू रोज नवा सल्ला घेऊन जिना चढायची: एरंडेल, गरम विटेवर उभं राहणं, गरोदर राहणं. उचलली जीभ लावली टाळ्याला. डॉक्टरांकडेही नेलं एकदा. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली, वहिनीकडे न पाहता दादाला म्हणाले, "हिस्टेरिया आहे. मूलबाळ झालं की जाईल." टॉनिक लिहून दिलं. टॉनिक दादाने संपवलं, कारण ते गोड होतं.

नवतपा लागायच्या आत वाळवणं उरकायची असतात. तीन दिवस गहू भिजवून, वाटून काढलेला चीक मोठ्या गंजात शिजत होता. कुरडयांचा चीक घोटणं हे दंडाचं काम, क्षणभर हात थांबला की गुठळ्या. वहिनी घोटत होती. गच्चीवर चटया अंथरून शेजारच्या बायका सोऱ्या घेऊन तयार. मी पुढच्या खोलीत होतो. आधी भांड्याचा आवाज झाला, मग सगळ्यांचा. जाऊन पाहतो तर गंज आडवा, चीक फरशीभर पसरून वाफा टाकतोय आणि वहिनी त्याच्या कडेला बसलेली. हाताला चटका बसला होता. तिकडे कोणी पाहिलं नाही. वर्षाच्या कुरडया गेल्या होत्या.

आईने तिला दंडाला धरून पुढच्या खोलीत आणलं, कूलरपुढे बसवलं आणि सगळ्या बायका दाराशी गोळा झाल्या. पंधरा मिनिटांनी आई म्हणाली, "ऊठ. चाल." वहिनी उठली आणि चालली. सरळ. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

"कूलरपुढं बसली का पाय येतेत, चुलीपुढं गेली का पाय जातेत," आई म्हणाली. "असे कसे वं तुये पाय? नाचता येईना अंगण वाकडं!"

त्या दिवसापासून गल्लीने तिचं नाव कूलरची राणी ठेवलं. पोरंसोरंसुद्धा म्हणायची. आई म्हणाली, हिला उमरेडला पोचवून द्या, सोंगाड्या बाईसोबत संसार होत नाही. दादा म्हणाला, "मले काही समजून नाही राहिलं." वहिनीचं घर राहतं की जातं, ते आता एकाच गोष्टीवर होतं: ती खोटी आहे की खरी.

आणि इथे ती माझ्याकडे आली. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. घरात कोणालाही न कळणारे शब्द बोलायचो आणि त्यामुळे हुशार समजला जायचो. वहिनी पदराने हात पुसत म्हणाली, "तुमी सायन्स शिकून राहिले नं भाऊजी. तुमीच पाहा. सोंग नाही, हे तुमी सांगतलं तं आत्याबाई आयकतीन." आईला ती आत्याबाई म्हणायची.

मला मोठा आनंद झाला. तिच्याबद्दल काही वाटलं म्हणून नव्हे. आपल्याला तज्ज्ञ मानलं याचा.

मी रीतसर प्रयोग मांडला. कॉलेजच्या वहीत उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे मथळे घातले. साहित्यात लिहिलं: कूलर, शेगडी, घड्याळ, सुई, दोरा. खोलीतल्या शहाबादी फरशीच्या सांध्यावरून चालायचं आणि सुईत दोरा ओवायचा, ही परीक्षा. आधी अर्धा तास कूलरपुढे: चालणं सरळ, दोरा पहिल्या झटक्यात. मग स्वयंपाकघरात पोळ्या करायच्या: वीस मिनिटांत पाय गेले, दोरा ओवता येईना. पुन्हा कूलर: सुधारणा. पुन्हा स्वयंपाकघर: घसरण. तिसऱ्या खेपेला आईला पोळ्या करायला लावलं आणि वहिनीला नुसतंच पाटावर बसवलं, काही काम न देता. तरीही पाय गेले. तेही मी लिहिलं. नीट, वळणदार अक्षरात. तीन दिवस हे चाललं. मी म्हणेन तेव्हा ती उठली, म्हणेन तिथे बसली, घामाने निथळत, एकदाही कुरकुर न करता. खरं बाहेर यावं म्हणून एवढी झटणारी व्यक्ती त्या घरात ती एकटीच होती.

चौथ्या दिवशी सगळ्यांसमोर मी निकाल दिला. "आई, तुयं बरोबर हाय. कूलर असला का चालते, नसला का नाही चालत. अशी कोनती बिमारी नसते. हातच्या काकनाले आरसा कायले पाहिजे?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. ती रडली नाही. म्हणाली, "पन भाऊजी, तिसऱ्या खेपेले तं मी नुसतीच बसली होती. कामाचा कंटाळा असता तं तवा काहून पाय गेले असते?"

पुढे तीसेक वर्षं मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. निरीक्षण वेगळं, अनुमान वेगळं, असं दर जूनमध्ये फळ्यावर लिहायचो. त्या सगळ्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला इतका बिनतोड प्रश्न विचारला नाही. सातवी शिकलेल्या त्या बाईने माझ्या अनुमानाचं कंबरडं एका वाक्यात मोडलं होतं. आणि मी काय उत्तर दिलं? "तुमी मनाची तयारी करूनच बसल्या असान." अति शहाणा त्याचा बैल रिकामा. आई म्हणाली, "पाहा, शिकलेल्याचं डोकं!"

नवतप्याच्या चौथ्या की पाचव्या दिवशी, भर बाराला, तिला उमरेडच्या बसवर बसवायला मी गेलो. दादाची शिफ्ट होती, म्हणे. डांबर पायाखाली मऊ लागत होतं. तिची ट्रंक माझ्या खांद्यावर होती. वाटेत तिचे पाय गेले, ती एका बंद दुकानाच्या ओट्याला धरून उभी राहिली. लोक पाहायला लागले. मला लाज वाटली. मी तिला हात दिला नाही. ट्रंक घेऊन भराभर पुढे गेलो आणि स्टँडवर सावलीत उभा राहून तिची वाट पाहिली. ती आली, भिंती धरत धरत. घरी येऊन हे मी आईला सांगितलं, तर आई म्हणाली, जातानाही सोंग सोडलं नाही मेलीने.

दादाचं दुसरं लग्न पुढच्या हिवाळ्यात झालं. बुंदी उत्तम होती. मी दोनदा मागून घेतली.

आता तीन वर्षांपूर्वीचा नवतपा. आमच्या फ्लॅट स्कीममध्ये वरच्या मजल्यावर सायली राहते, तिशीतली, कॉम्प्युटरवर काम करणारी. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. आपलं रक्षण करायला ठेवलेल्या पेशीच उलटतात आणि मेंदूतल्या, पाठीच्या कण्यातल्या नसांवरचं आवरण कुरतडतात. सहा महिन्यांतून एकदा तिला दवाखान्यात सलाइनमधून औषध देतात, मोनोक्लोनल अँटिबॉडी. एका ठरावीक प्रकारच्या पेशीला ओळखून तेवढीच टिपणारं. गेलेलं त्याने परत येत नाही, पण पुढचे झटके बरेचसे टळतात. तिच्या सासूने त्या औषधाचं लांबलचक नाव पाठ केलं आहे आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याला ती ते न अडखळता ऐकवते. मला त्याचं हसू यायचं. म्हटलं, हीही एक फॅशन. आमच्याकडे आजाराला मान मिळतो तो औषध निघाल्यावर. तोवर तो स्वभावदोष असतो.

त्या दिवशी तिचा नवरा बाहेरगावी होता, सासूला गाडी येत नाही. मी रिटायर माणूस, गाडी घेऊन गेलो. दवाखान्यातल्या त्या थंडगार खोलीत सलाइन ठिबकत होतं. मी वेळ घालवायला तरुण डॉक्टरीणबाईंना विचारलं, एवढी थंडी कशाला? त्या म्हणाल्या, "थंडाव्यात या पेशंटना बरं वाटतं. उष्णतेने यांची लक्षणं तात्पुरती वाढतात. पूर्वी स्कॅन नव्हते ना काका, तेव्हा डॉक्टर गरम पाण्याच्या टबात बसवून बघायचे. पाय गळाले की हाच आजार असल्याचा संशय पक्का व्हायचा. आता कोणी करत नाही. फार क्रूर वाटतं."

सायली हसून म्हणाली, "नागपुरात टब कशाला लागतो?"

मला हसता आलं नाही. तीन दिवस, तीन खेपा, घड्याळ लावून मी तीच परीक्षा घेतली होती. निकाल वहीत लिहिला होता आणि त्याच्याखाली स्वतःच्या हाताने अनुमान लिहिलं होतं: सोंग. त्या काळी औषध नव्हतंच, खरं आहे. नाव कळलं असतं तरी पाय वाचले नसते. पण तिने औषध मागितलंच कुठे होतं? तिने मागितलं होतं एक वाक्य, तेही माझ्याकडे.

दोन दिवसांनी मी उमरेडची बस धरली. वहिनी आहे, भाच्याकडे असते, एवढं ऐकून होतो. चाळीसहून जास्त वर्षांत मी विचारपूससुद्धा केली नव्हती. घर सापडलं. भाचसून दारात आली, "कोन पाहिजे?" मी नाव सांगू लागलो, तोच आतून आवाज आला, "भाऊजी हायेत ते. येऊ दे."

ती खाटेवर होती. पाय चादरीखाली काटकीसारखे, गुडघ्यांत मुडपून राहिलेले. बोटं आखडलेली. मी स्टुलावर बसलो आणि बोलू लागलो, मास्तरच तो. आजाराचं नाव सांगितलं. नसांवरचं आवरण, लाल रंग, गरम पाण्याचा टब, सायली, तिचं सलाइन, सगळं समजावून सांगितलं. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. भाचसुनेला खुणेने पाणी आणायला लावलं, माझ्यासाठी.

सगळं ऐकून तिने एकच विचारलं, "त्या पोरीची सासू काय म्हनते?"

"तिनं औषधाचं नाव पाठ केलं हाय. सगळ्याईले सांगत फिरते."

"चांगली हाय मंग बाई," ती म्हणाली.

मग ज्यासाठी आलो होतो ते कसंबसं तोंडातून काढलं. म्हटलं, "वहिनी, ते सोंग नव्हतं. माहं चुकलं."

आई जाऊन तेव्हा बावीस वर्षं झाली होती, दादा जाऊन नऊ. वहिनीने मान माझ्याकडे वळवली. मी वही हातात धरून निकाल सांगितला होता, तेव्हा पाहिलं होतं तसंच पाहिलं.

"मले काहून सांगून राहिले भाऊजी? मले तं तवाच माहीत होतं. हे आत्याबाईले सांगाचं होतं."